उसाची सावली आणि सिलिकॉनमधील लोखंड

भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड, असे हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. दोन्ही पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. तथापि भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्या, चासकमान व घोड प्रकल्पांचे कालवे आणि खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा यांनी येथील माळरानाचे रूप पालटून टाकले. पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर विजेचे पंप आले आणि पंपांबरोबर रात्रीची पाळीही आली. शेतीची वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी वर्षानुवर्षे मिळत आली. ऐन थंडीत मध्यरात्री उसात दारे धरावयास जाणे हे कष्टाचे होतेच; त्यात उसाच्या आश्रयाने बिबट्याचा वावर वाढला. जुन्नर वन विभागात मोडणाऱ्या शिरूर तालुक्यात माणसांवरही हल्ले होऊन जीवितहानी झाली. दिवसा वीज मिळणे हा त्यामुळे येथे केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. तो जिवाचा प्रश्न झाला आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेकडे पाहिले जाते. २०१७ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांसाठी निवडलेल्या गावांत शिरूरच्या शेजारील पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीचा समावेश केला. २०२३ साली या योजनेचा दुसरा टप्पा आणि २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. दुसऱ्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा भरावयाचा असतो. शाळा, ग्रामपंचायत कार्यालये आणि घरांच्या छतांवरही निळे-काळे सौर पॅनेल आता दिसू लागले आहेत.

भीमाकाठच्या एका गावात प्रस्तुत लेखकाला अशाच एका पंपाची कथा ऐकावयास मिळाली. पंप बसवून काही वर्षे झाली होती. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पाण्याची धार एकाएकी बारीक होई. पुढे एका पॅनेलवर बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग दिसू लागला आणि मागील पांढऱ्या थरावर फोड आला. मालकाने विचारले, “साहेब, काच फुटली नाही, दगड लागला नाही, वीज पडली नाही, मग ही प्लेट आतून भाजली कशी?” प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र उसाच्या पात्यापासून सुरू होते आणि डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या लोखंडाच्या कणापर्यंत जाऊन पोहोचते.

सौर घटाची रचना

पॅनेलच्या काचेखाली दिसणारा प्रत्येक चौकोन हा एक सौर घट असतो. तो सिलिकॉनचा पातळ काप होय. सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूत आणि गारगोटीत विपुल आढळते. ते तांब्यासारखे सुवाहक नाही आणि काचेसारखे दुर्वाहकही नाही. म्हणून त्याला अर्धवाहक म्हणतात. कापाच्या मुख्य भागात पुष्कळदा अत्यल्प बोरॉन आणि वरच्या थरात अत्यल्प फॉस्फरस मुद्दाम मिसळलेले असते. हे दोन थर जेथे भेटतात त्या सीमेवर एक विद्युत् क्षेत्र आपोआप निर्माण होते. या सीमेला आपण ‘जोड’ म्हणू. प्रकाश पडला की सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि जोडाजवळील क्षेत्र त्यांना एका बाजूस लोटते. हाच विद्युत् प्रवाह. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने असा पहिला व्यवहार्य सिलिकॉन घट जगापुढे मांडला. त्या वेळी पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज होत असे.

एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट. एवढ्याशा दाबाने पंप चालणे शक्य नाही. म्हणून ६० किंवा ७२ घट एकामागोमाग एक जोडून पॅनेल तयार करतात आणि अशी अनेक पॅनेलेही एकापुढे एक जोडतात. सामर्थ्य त्यामुळे वाढते. परंतु एक दुबळेपणाही त्यातूनच येतो.

एका घटावर सावली पडली तर

श्रमदानाच्या वेळी माणसे रांगेत उभी राहून मातीची घमेली हातोहात पुढे देतात, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. रांगेतील एकाने हात आखडले तर सारी रांग अडते आणि मागील घमेल्यांचा सगळा भार त्याच्या अंगावर येतो. एकसरीत जोडलेल्या घटांचेही तसेच होते. एका घटावर उसाचे पाते, झाडाची फांदी किंवा पक्ष्याची विष्ठा आली की त्याची वीज थांबते. पण उन्हातील इतर घट प्रवाह ढकलतच राहतात. त्यांचा एकत्रित दाब या सावलीतील घटावर उलट दिशेने पडतो. वीज देणारा घट आता वीज गिळणारा होतो.

हा उलटा दाब मर्यादेत राहावा म्हणून पॅनेलच्या मागील पेटीत साधारणतः तीन बायपास डायोड बसवलेले असतात. कालव्यावरील सांडव्याप्रमाणे ते अडलेल्या प्रवाहाला वाट काढून देतात. ७२ घटांच्या पॅनेलमध्ये एका डायोडच्या वाट्याला २४ घट येतात. त्यांपैकी एक सावलीत असला तर उरलेल्या २३ घटांचा मिळून साडेअकरा व्होल्ट आणि डायोडचा थोडासा, असा सुमारे १२ व्होल्टचा उलटा दाब त्या घटाला सोसावा लागतो. सांडवा आहे, पण त्याच्या पातळीपर्यंतचे पाणी बांधाला पेलावेच लागते.

निर्दोष सिलिकॉनचा सपाट जोड याहून कितीतरी अधिक दाब सहन करू शकतो. मग बारा व्होल्टला घट का हार मानतो? याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे त्यात राहून गेलेली धातूंची अशुद्धी.

लोखंड येते कोठून

गारगोटी आणि कोळसा विजेच्या भट्टीत तापवून जे सिलिकॉन मिळते ते ९८ ते ९९ टक्के शुद्ध असते. उरलेल्या भागात लोखंड आणि ॲल्युमिनियम प्रमुख. इतर कामांना हे पुरेसे. सौर घटाला मुळीच नाही. म्हणून त्याचे वायुरूप संयुगात रूपांतर करून, ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून, पुन्हा घन सिलिकॉन मिळवतात. त्यानंतर ते १,४१४ अंश सेल्सिअसच्या वर वितळवून गोठवावे लागते.

या गोठण्याचे मर्म ऊसपट्ट्यातील वाचकांना सहज उमगेल. गुऱ्हाळात रस आटवून गूळ केला की रसातील बहुतेक सर्व द्रव्ये गुळातच राहतात. साखर कारखान्यात मात्र साखरेचा स्फटिक वाढताना इतर द्रव्यांना बाजूला सारतो आणि ती मळीत उरतात. सिलिकॉनचा स्फटिकही तसाच मानी आहे. वितळलेल्या सिलिकॉनमध्ये जेवढे लोखंड असेल त्याच्या सुमारे एक लक्षांश प्रमाणातच ते गोठलेल्या भागात शिरते. बाकीचे द्रवात राहून अखेरीस ठोकळ्याच्या माथ्यावर साचते. तो माथा कापून टाकतात. परंतु ज्या मुशीत सिलिकॉन ओततात ती मूस आणि तिच्या आतील लेप यांतूनही लोखंड झिरपते. भट्टीचे पोलादी भाग, काप काढण्याची तार, हाताळणीची उपकरणे यांचाही संसर्ग होतो. तांबे, निकेल व क्रोमियम याच वाटांनी येतात.

किती लोखंड अपाय करते? सिलिकॉनच्या दर पाच हजार कोटी अणूंमागे विरघळलेला लोखंडाचा एक अणू असला तरी घटाच्या कार्यक्षमतेवर त्याचा परिणाम जाणवू लागतो. कारण प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन असे अणू वाटेतच अडवतात. ही झाली लोखंडाची नित्याची चोरी. त्याचा दुसरा उपद्रव अधिक गंभीर आहे.

साक्याचा कण आणि जोडाचा भंग

गरम पाकात पुष्कळ साखर विरघळते, पण पाक निवला की ती खडे धरते. तापलेल्या सिलिकॉनमधील लोखंडाचेही असेच होते. ठोकळा निवताना लोखंडाला विरघळलेल्या स्थितीत राहणे अशक्य होते आणि सिलिकॉनशी संयोग पावून त्याचा सूक्ष्म साका बसतो. हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतात. ते कोठेही बसत नाहीत. स्फटिकातील सांधे आणि दोष शोधून तेथे जमतात. मुशीत ओतलेला बहुस्फटिकी सिलिकॉन हा अनेक खडे एकमेकांना चिकटलेल्या खडीसाखरेसारखा असतो. या खड्यांमधील सांधे म्हणजे साक्याची घरेच. जुन्या निळ्या पॅनेलांवर दिसणारी चकाकती नक्षी ही याच खड्यांची होय.

आता उलटा दाब आणि हा कण यांची गाठ कशी पडते ते पाहू. जोडालगतच्या ज्या पट्ट्यावर सारा उलटा दाब पडतो त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. दाब केवळ १२ व्होल्टचा, पण तो इतक्या अरुंद जागेत पडल्यामुळे क्षेत्राची तीव्रता दर सेंटिमीटरला सुमारे दोन लाख व्होल्ट एवढी होते. हवेत याच्या साधारण सातव्या हिश्शाला ठिणगी पडते. शुद्ध सिलिकॉन ही तीव्रता सोसते. परंतु त्या पट्ट्यात धातूसारख्या कणाचे टोक आले तर माळावरील एकट्या उंच झाडावर वीज ओढली जावी तसे क्षेत्र त्या टोकापाशी एकवटते. तेथे इलेक्ट्रॉन अडसर ओलांडतात आणि बंद असावयास हवी ती वाट खुली होते. यालाच अभियंते जोडाचा भंग किंवा ब्रेकडाऊन म्हणतात.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि वस्त्यांत पाणी शिरले. कालवा अनेक गावांजवळून वाहतो. फुटला तो एका जागी. भगदाड पडले की सारे पाणी तिकडेच धावते. घटातही हेच घडते. बारा व्होल्टला पाच अँपिअरचा उलटा प्रवाह वाहिला तर ६० वॅटची उष्णता निर्माण होते. ती सबंध घटावर पसरली तर फारसे बिघडत नाही. टाचणीच्या डोक्याएवढ्या काही जागांत एकवटली तर मात्र तेथील तापमान १५० अंशांच्या वर जाऊ शकते. घटाला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा थर करपतो, मागील पापुद्रा फुगतो, प्रसंगी काच तडकते. भीमाकाठच्या पंपावर दिसलेला डाग अशा तप्त बिंदूची खूण असते.

येथे एक तारतम्य राखणे अगत्याचे आहे. प्रत्येक भंग धातूच्या कणामुळेच होतो असे नाही. अभ्यासकांनी बहुस्फटिकी घटांतील भंगाचे सामान्यतः तीन प्रकार मानले आहेत. सुमारे ५ व्होल्टला होणारा पहिला बहुधा पृष्ठभागावर राहिलेल्या ॲल्युमिनियमच्या कणांसारख्या कारणांनी होतो. सुमारे ९ ते १३ व्होल्टच्या दरम्यान होणारा दुसरा स्फटिकातील दोषांवर जमलेल्या धातूंशी निगडित असतो. त्याहून अधिक दाबाला होणारा तिसरा पृष्ठभागावरील सूक्ष्म खळग्यांपाशी होतो. डायोडने राखलेली बारा व्होल्टची मर्यादा नेमकी दुसऱ्या प्रकाराच्या टप्प्यात येते, हे ध्यानात घ्यावे. तसेच भंगाच्या जागा पुष्कळ आणि विखुरलेल्या असल्या तर उष्णताही विखुरते आणि पॅनेल तगून राहते.

संशोधनाची वाटचाल

सिलिकॉनच्या जोडातील धातूंच्या साक्याचा अभ्यास सौर पॅनेलांच्या प्रसारापूर्वीच सुरू झाला. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांपैकी एक असलेले विल्यम शॉक्ली आणि त्यांचे सहकारी अडॉल्फ गोएट्सबर्गर यांनी १९६० साली दाखवून दिले की, धातूंच्या साक्यामुळे जोड उलट्या दाबाला लवकर गळू लागतो. पृष्ठभागावरील फॉस्फरस किंवा बोरॉनयुक्त काचेचा थर तापलेल्या सिलिकॉनमधील धातू शोषून घेतो, हेही त्यांनी दाखवले. सौर घट बनवताना फॉस्फरसचा थर देण्याच्या वेळी हीच शुद्धी आजही साधली जाते.

गोएट्सबर्गर पुढे सौर ऊर्जेकडे वळले. १९८१ साली त्यांनी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फ्राउनहोफर सौर ऊर्जा संस्था स्थापन केली. पॅनेल उंचावर बसवून त्यांच्याखाली बटाट्यासारखे पीक घ्यावे, ही कल्पनाही त्यांनी त्याच सुमारास मांडली. त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००९ साली अतितीव्र क्ष-किरणांच्या साहाय्याने बहुस्फटिकी घटांतील भंगाच्या जागा तपासल्या, तेव्हा तेथे धातूंचा साका आढळला. अंधाऱ्या खोलीत घटाला उलटा दाब दिला असता भंगाच्या जागा मंदपणे प्रकाशतात आणि संवेदनशील कॅमेऱ्याने त्यांचे चित्र घेता येते. अशा चित्रांवरून हा शोध शक्य झाला.

आपल्या राज्यात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० साली सौर विद्युत् संशोधन व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. या केंद्राने २०१३ पासून देशाच्या निरनिराळ्या हवामानांत बसवलेल्या पॅनेलांची पाहणी केली. उष्ण प्रदेशातील आणि छतांवरील लहान संचांतील पॅनेलांची झीज अधिक होते, हा तिचा निष्कर्ष आपल्या गावांच्या दृष्टीने विचार करावयास लावणारा आहे.

अलीकडच्या वर्षांत बहुस्फटिकी पॅनेल मागे पडून एकस्फटिकी पॅनेलांचा प्रघात पडला आहे. त्यांत खड्यांमधील सांधे नसल्याने साक्याला आश्रय कमी मिळतो. अर्ध्या कापलेल्या घटांमुळे प्रत्येक घटातील प्रवाहही निम्मा झाला आहे. तथापि आधी बसवलेली बहुस्फटिकी पॅनेल अजून सेवेत आहेत आणि सावलीचे गणित नव्या पॅनेलांनाही चुकलेले नाही.

गावाने काय करावे

सिलिकॉनमधील लोखंड काढणे गावाच्या हाती नाही. सावली दूर करणे मात्र पूर्णपणे हाती आहे. भंगाला दोन गोष्टी लागतात: आतील दोष आणि बाहेरील उलटा दाब. दुसरी टाळली तर पहिली बहुतांशी निद्रिस्त राहते.

डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास आपल्या भागात ३ मीटर उंचीच्या उसाची सावली जमिनीवर सुमारे ७ मीटर लांब पडते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकून नैर्ऋत्येला मावळतो. म्हणून पंपाच्या पॅनेलांच्या दक्षिण व पश्चिम अंगास तेवढ्या अंतरात ऊस न लावता कांदा, हरभरा यांसारखे बुटके पीक घ्यावे. शाळेच्या किंवा पंचायतीच्या छतावर पाण्याची टाकी, ध्वजस्तंभ, वाळत घातलेले कपडे यांची सावली दिवसाच्या कोणत्या वेळी कोठे पडते, याची नोंद पॅनेल बसवण्यापूर्वीच घ्यावी.

धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि गळीत हंगामात गावांवर पडणारी चिमणीची काजळी सकाळी, पॅनेल थंड असताना, मऊ फडक्याने व पाण्याने काढावी. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. क्षारयुक्त पाणी वापरल्यास ते काचेवर वाळू देऊ नये. पॅनेलवर पाय ठेवू नये. अशाने पडणारी न दिसणारी चीर हीही पुढे तप्त बिंदूचे कारण ठरते.

बायपास डायोड निकामी होऊन कायमचा खुला राहिला तर सावलीतील घटावर बारा व्होल्टपेक्षा कितीतरी अधिक उलटा दाब येऊ शकतो. पावसाळ्यात जवळपास वीज पडल्यानंतर किंवा पंपाचे पाणी एकाएकी घटल्यास संबंधित पुरवठादाराकडून तपासणी करून घ्यावी. पंपाच्या संचातील दाब शेकडो व्होल्टचा असतो. मागील पेटी स्वतः उघडण्याचे धाडस कोणीही करू नये.

खरेदी किंवा स्वीकृतीच्या वेळी पॅनेलवर भारतीय मानक आय.एस. १४२८६ चा उल्लेख आहे की नाही, हे पाहावे. या मानकात तप्त बिंदू सहन करण्याच्या चाचणीचा समावेश आहे. शासकीय योजनेतील सौर पंपांवर पाच वर्षे देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची असते. पॅनेलवरील अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, दिसलेले डाग आणि केलेली तक्रार यांची एक साधी नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवली तर पुष्कळांचे हक्क शाबूत राहतील.

शिक्षकांना एक छोटा प्रयोग सुचवावासा वाटतो. खेळण्यातील मोटर फिरवणारे लहान सौर पॅनेल उन्हात ठेवावे आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने त्याचा केवळ एक घट झाकावा. बाकीचे सर्व घट उन्हात असूनही मोटर मंदावते किंवा थांबते. एका अडलेल्या कड्यामुळे सारी साखळी कशी अडते, हे मुलांना पाठ न करता कळेल. आणि ती मुले घरी जाऊन पंपावर आलेले उसाचे पाते बाजूला करतील.

त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. प्लेट आतून भाजली, कारण कारखान्यात राहून गेलेल्या लोखंडाच्या कणावर शेतातील उसाच्या सावलीने उलटा दाब आणला. यांपैकी कण ही शास्त्रज्ञांची आणि उत्पादकांची जबाबदारी; सावली ही आपली. दिवसा मिळालेले पाणी टिकले तरच शेतकऱ्याला पुन्हा कंदील किंवा बॅटरी घेऊन रात्रीच्या उसात उतरावे लागणार नाही. त्यासाठी रोज सकाळी पॅनेलकडे टाकलेला एक सावध दृष्टिक्षेप ही फार मोठी किंमत नव्हे.